सूपपासून शिऱ्यापर्यंत

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन निवृत्त माणसं दर शनिवारी दुपारी एकत्र जेवायला बसली की ते साठतच जातात. ताटात काय होतं ते आठवड्याभरात विसरायला होतं, पण ताटावर कोण काय बोललं ते राहतं. पुढेपुढे तर कुठला किस्सा कुणाचा हेही नीट सांगता येत नाही. मला हल्ली कशाचीच खात्री वाटत नाही, त्यामुळे खाली काही चुकलं असेल तर चूक माझी समजावी, सांगणाऱ्याची नव्हे.

आमच्यातले सुभेदार म्हणजे सैन्यात ऑफिसर्स मेसचं काम पाहून निवृत्त झालेले. मूळ शिराळ्याकडचे, आता साताऱ्यात घर बांधून राहिलेत. बापू सांगलीचे. चाळीस वर्षं लग्नकार्याचा स्वयंपाक केला, आता मुलाकडे साताऱ्यात असतात. तिसरा मी. अन्नरसायनात पीएचडी केली, कॉलेजात शिकवलं, आणि अजूनही कुकरची शिट्टी तिसरी झाली की चौथी, याबद्दल मनात शंका असते. दोघंही मला ‘सर’ म्हणतात. एकाने जन्मभर वाढलं, एकाने रांधलं, आणि एकाने त्यावर व्याख्यानं दिली!

या वर्षी सुभेदारांच्या पत्नी, हौसावहिनी, बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं सगळेच म्हणाले. पण घरी आल्यावर वहिनींनी खाणंच सोडलं. दुखत नव्हतं, उलटी नव्हती. फक्त चमचा जवळ आला की तोंड मिटायचं. बुधवारी डॉक्टर घरी येऊन बघून गेले. जाताना व्हरांड्यात हळू आवाजात म्हणाले, “सोमवारी मी परत येतो. तोपर्यंत तोंडाने जेवायला लागल्या नाहीत तर दवाखान्यात न्यावं लागेल. नाकातून नळी घालू.”

सुभेदार त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि कडी न लावताच परत आले. हा माणूस कडी विसरत नाही.

त्या दुपारी बापू नेहमीप्रमाणे काहीतरी बोलले, वहिनी किंचित हसल्या, ओठ उघडले, आणि सुभेदारांनी चपळाईने पेजेचा चमचा आत सारला. वहिनींनी तो गिळला!

“बापू,” सुभेदार चमचा तसाच हातात धरून म्हणाले, “थांबू नगा. बोलत ऱ्हावा.”

म्हणून बुधवारपासून रविवारपर्यंत आम्ही त्यांच्या पलंगाशी बसून किस्से सांगत राहिलो. विषय एकच, कारण आम्हाला दुसरा येत नाही. आधी काय वाढायचं, मग काय वाढायचं, आणि तो क्रम चुकला की काय होतं.

*

पहिला किस्सा सुभेदारांनी स्वतःचाच सांगितला.

तेव्हा ते मेसमध्ये साधे वेटर होते. डिनरचा क्रम ठरलेला. सूप, मग मासा, मग मटण आणि भाज्या, मग पुडिंग, शेवटी कॉफी. टेबलावरच्या शेवटच्या माणसाचा चमचा खाली ठेवला गेल्याशिवाय पुढची डिश किचनमधून हलायची नाही. कर्नलसाहेब स्वतः टेबलाच्या टोकाला.

त्या दिवशी एक नवा लेफ्टनंट जेवायला बसला होता. आपल्याच भागातला, उसाच्या गावचा पोरगा. त्याने सूप प्यायलं, वर मान केली, सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी परत वाढलं. ते संपलं. परत मान वर. परत वाढलं.

“आपल्याकडं रस्सा आसाच वाढत्यात की,” सुभेदार आम्हाला म्हणाले. “पावण्यानं नगं म्हणायचं आन वाढणाऱ्यानं ऐकायचं न्हाई. हा तर नगंबी म्हणत न्हवता!”

चौथ्या वेळेपर्यंत बाकीचे वीस-बावीस ऑफिसर हात बांधून बसले होते. किचनमध्ये मासा गार होत होता. शेवटी कर्नलसाहेबांनी विचारलं, “ये क्या चल रहा है?”

सुभेदार ताठ उभे राहिले. “साब, हम दोनों एकही मुलुख के हैं। ये बस नहीं बोलते, और मैं बस नहीं पूछता!”

वहिनी हसल्या. एक चमचा गेला.

*

दुसराही त्यांचाच, पण तो त्यांना सांगायचा नव्हता. वहिनींनीच डोळ्यांनी खूण केली. तो सांगा म्हणून.

नुकतेच निवृत्त होऊन आले होते. शिराळ्याजवळ पुतणीचं लग्न. वाढपाची जबाबदारी सुभेदारांनी मागून घेतली. भावकीतल्या तरण्या पोरांना दोन दिवस कवायत दिली. डाव्या बाजूने वाढायचं, उजव्या बाजूने ताट उचलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुख्य पाहुण्याचा हात थांबला की त्याचं जेवण संपलं, त्याचं संपलं की सगळ्यांचं संपलं, ताटं उचलायची! मेसमध्ये हे असंच चालतं.

पंगत बसली. मुख्य पाहुणे म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा, नव्वदीचे तात्या. मटण वाढून झालं, लोकांनी दुसरी भाकरी मोडली, आणि तात्यांचा हात थांबला. सुभेदारांनी मान हलवली. पोरांनी सगळ्या पंगतीची ताटं मिनिटभरात उचलली. लोक हातातला घास हातात धरून बसलेले!

तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आरं गड्यांनू, मी दात काढून खिशात ठिवत हुतो! जेवाण सरलं म्हणून कुणी सांगितलं?”

आम्ही तिघंही हसलो. वहिनी मात्र पहिल्यांदाच स्पष्ट बोलल्या.

“आन परत भाकऱ्या कुणी थापल्या, त्ये सांगा की.”

सुभेदारांनी पेज ढवळायला घेतली. नंतर बापूंनी मला हळूच सांगितलं की त्या दिवशी वहिनी आणि त्यांच्या दोन जावा चुलीपुढून थेट दिवेलागणीला उठल्या.

वहिनींनी चमचे घेतले. पण दोनच. पेजेची वाटी भरलेली तशीच परत गेली.

*

बापूंचे किस्से बरेचसे अलीकडचे, कारण अलीकडेच लोक जेवणाच्या क्रमाचा हट्ट धरायला लागलेत.

शिरवळजवळ हायवेवरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. मुलगी गावाकडची, मुलगा पुण्यात नोकरीला. मुलाकडच्यांनी बजावलं होतं की अक्षता पडायच्या आधी स्टार्टर फिरवायचे. काडीला टोचलेलं पनीर, मंचुरियनचे गोळे, छोटी कटलेट. बापूंच्या माणसांनी ट्रे फिरवायला सुरुवात केली आणि ट्रे भराभर रिकामे व्हायला लागले. बापू खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की तोंड कुणाचंच हलत नाही.

एक आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दोन कटलेट पदराच्या गाठीला बांधली होती. शेजारणीने पिशवीतून डबाच काढला होता. बापू जवळ जाऊन म्हणाले, “आज्जी, खावा की. गरम हायत.”

आजींनी त्यांना जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, “आरं, लगीन लागायच्या आदी कसं खाऊ? समजा मोडलं, तर परत द्याया लागंल का न्हाई?”

*

हा अगदी लहान आहे, पण वहिनींना आवडला म्हणून लिहितो.

सांगलीला बुफे होता. एका टोकाला सूप, दुसऱ्या टोकाला आइस्क्रीम. सूपच्या टोकाला रांग दारापर्यंत गेलेली. सुभेदार आणि त्यांचे पाच-सहा माजी सैनिक मित्र दुसऱ्या टोकाने घुसले. आधी आइस्क्रीम, मग जिलेबी, मग भात, असे उलटे निघाले. सरळ रांग आणि उलटी रांग पनीरच्या भांड्यापाशी समोरासमोर आल्या. कुणीच मागे सरेना. यजमान हात जोडून म्हणाले, “सुभेदार, तुम्ही जरा मागे व्हा.”

“मागं? आमाला मागं जायचं शिकवलंच न्हाई!”

बापू म्हणाले, “मी पनीरचं भांडंच उचलून बाजूला न्हेलं, तवा युद्ध थांबलं.”

वहिनींचे खांदे हलले. त्या दिवशी मी मनातल्या मनात पाच चमचे मोजले. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

*

शुक्रवारी मी चूक केली. बापूंना म्हणालो, “तुमच्या पंगतीत कधी कुणी जेवायलाच नकार दिला असेल ना?” मी हे का विचारलं मला माहीत नाही. कदाचित मला वाटलं असेल की त्यातून काही उपाय निघेल. प्राध्यापकाला प्रत्येक गोष्टीत संदर्भ हवा असतो.

बापूंनी सांगितलं.

कृष्णाकाठच्या एका गावात तेराव्याचं जेवण होतं. बाई अचानक गेली होती, पन्नाशीही झालेली नव्हती. तेराव्याला आपल्याकडे गोडाचं करतात. घरच्या माणसाने आधी गोडाचा घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. दोनशे माणूस पंगतीला बसला. लापशी वाढली. बाईचा नवरा ताटावर बसला, आणि घास काही उचलेना. भाऊ सांगून थकले. गावचे वडीलधारे सांगून थकले. तास गेला. लापशीवरचं तूप थिजलं. दोनशे माणूस बसून, आणि भांड्याचा आवाज नाही.

मग आतून बाईची आई आली. वाकलेली म्हातारी. जावयाच्या समोर बसली. जावयाच्या ताटातली लापशी घेतली आणि आधी स्वतः खाल्ली.

“माजी लेक गेली,” ती म्हणाली. “मी खाल्लं. आता तुमी खावा.”

बापू थांबले. वहिनींनी मान भिंतीकडे वळवली होती. सुभेदारांनी चमचा पुढे केला. त्या दिवशी एकही गेला नाही.

बाहेर आल्यावर मी बापूंची माफी मागितली, सुभेदारांची मागितली. सुभेदार म्हणाले, “सर, तुमचा काय दोष?” पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

*

त्यामुळे शनिवारी सांगायची पाळी मी घेतली. स्वतःचं हसं झालेली गोष्ट निवडली. तेवढी तरी सुरक्षित.

माझी पत्नी असतानाची गोष्ट. जेवणात आधी कच्च्या भाज्या खाव्यात, मग शिजवलेली भाजी आणि उसळ, आणि पोळी-भात सगळ्यात शेवटी, म्हणजे रक्तातली साखर एकदम चढत नाही, असं मी कॉलेजात शिकवायचो. एकदा वाटलं, आपण स्वतः हे कधी केलं का? घरी जाहीर केलं की उद्यापासून या क्रमाने वाढायचं.

पत्नीने एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बाराला तिने काकडी वाढली. नुसती. ती मी संपवली. मग भाजी आली. नुसती. मग मटकीची उसळ आली, तीही नुसती. एक वाजून गेला तेव्हा दोन कोरड्या पोळ्या ताटात पडल्या. त्याच्याबरोबर खायला आता काहीच उरलं नव्हतं! मी पाणी पीत पीत त्या गिळल्या. दीड वाजला.

पत्नी समोर बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, “तुमच्या पीएचडीला सात वर्षं का लागली, ते मला आज कळलं.”

वहिनी आवाज करून हसल्या! खोकलाही आला. सुभेदारांनी घाईघाईने पाणी दिलं. पाणी गेलं. पेज नाही गेली. त्यांनी सुभेदारांचा हात हलकेच बाजूला केला आणि रोज जे विचारायच्या तेच विचारलं.

“तुमी जेवलासा का?”

“माझं हुईल गं मागनं. तू आधी घे.”

त्यांनी डोळे मिटले. मी सुभेदारांच्या पट्ट्याकडे पाहिलं. बकल नेहमीच्या भोकाच्या दोन भोकं आत गेलं होतं. म्हणजे हा माणूसही आठवडाभर जेवत नव्हता. मी चमचे मोजत बसलो होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

*

आता रविवारचं.

सोमवारी सकाळी डॉक्टर येणार होते. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. सुभेदारांनी ठरवलं होतं की शेवटचा प्रयत्न म्हणून बायकोला मेससारखं पूर्ण जेवण वाढायचं. पहाटे उठून त्यांनी आणि बापूंनी स्वयंपाक केला. टोमॅटोचं सूप, मऊ भात, मुगाची आमटी, दुधीची भाजी, आणि शेवटी केळं घालून तुपातला शिरा. पलंगाशेजारी छोटं टेबल लावलं, त्यावर इस्त्रीचं कापड. सुभेदार पांढरा शर्ट घालून, हाताच्या घडीवर नॅपकिन टाकून उभे राहिले. सूपचा चमचा पुढे केला.

“तुमी जेवलासा का?”

“आगं, आज हे सगळं तुझ्यासाठी हाय. तू आधी.”

तोंड मिटलं. चमचा ओठांवर अडला. सूप कापडावर सांडलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हा बापू उठले. एरवी सतत बोलणारा हा माणूस फार हळू बोलला.

“सुभेदार, चाळीस वर्सं बघतोय मी. ज्या बाया आदी सगळ्यांना वाढत्यात आन मागनं बसत्यात, त्यांना पयल्या पंगतीला बसवलं की घास उतरत न्हाई. कितीबी आग्रह करा. तुमी चुकीच्या बाजूनं सुरुवात केलीया.”

सुभेदार वळले. “मग?”

“मग काय. चला सर. ताटं घ्या. आपुन जेवायचं.”

मी घाबरलो. माझं पोट नाजूक आहे, आणि आजारी माणसाच्या पुढ्यात बसून जेवणं मला शोभेल असं वाटेना. पण बापूंनी पलंगासमोर तीन ताटं मांडलीसुद्धा. आम्ही बसलो. सूप प्यायलो. भात घेतला.

वहिनींनी डोळे उघडले. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“सरांला आमटी वाढा,” त्या म्हणाल्या. “कोरडा भात खात्यात त्ये.”

सुभेदारांनी मला आमटी वाढली.

“बापू, तुमी लाजू नगा. भाजी घ्या.”

बापूंनी भाजी घेतली.

“आवं, तुमी काय चिवडत बसलाय? नीट जेवा. बारीक झालाय किती!”

सुभेदार मान खाली घालून जेवायला लागले. भराभर, एखाद्या रंगरूटासारखे. वहिनींचा आवाज आता थेट दारापर्यंत ऐकू येत होता. उशीला रेलून, हात पुढे करून त्या वाढप करत होत्या. कुणाला काय कमी, कुणाचं ताट रिकामं. शिरा आला. “वाढा त्यांना. आजून वाढा. सर, नगं म्हणू नगा, मला आवडत न्हाई तसलं.” मी तीनदा घेतला. नाही म्हणायची हिंमत नव्हती. बापूंनी चारदा घेतला. सुभेदारांनी किती घेतला ते त्यांनाही कळलं नसेल.

आम्ही हात धुऊन आलो.

“झाली समद्यांची जेवणं?” वहिनींनी विचारलं.

“झाली.”

“पोटभर?”

“पोटभर!” तिघंही एकदम बोललो.

“मग आता मला वाढा.”

सुभेदार धावतच स्वयंपाकघरात गेले. सूप गरम करून आणलं, चमचा पुढे केला.

“सूप ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “शिरा वाढा.”

सुभेदारांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी बापूंकडे पाहिलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. शिऱ्याचा शेवटचा डाव माझ्या ताटात पडला होता, आणि मी तो खाल्ला होता. तीस वर्षं अन्नावर व्याख्यानं दिली, पण त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“आगं...” सुभेदार म्हणाले. “मी आत्ता परत करतो. धा मिंटं.”

“पातेलं घासाया टाकलं का?”

“न्हाई.”

“मग आना की हिकडं.”

सुभेदारांनी पातेलं आणलं आणि वहिनींच्या मांडीवर टॉवेल टाकून त्यावर ठेवलं. वहिनींनी चमच्याने बूड खरवडायला सुरुवात केली. तपकिरी झालेली, साखर धरलेली, तुपातली खरवड. एक चमचा तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा. मग तिसरा. आम्ही तिघं श्वास धरून उभे. मी मोजायचं विसरलो. पातेल्याच्या कडा झाल्या, मग त्यांनी ते तिरकं धरलं आणि बुडाची गोलाई खरवडली. सुभेदार गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हलू नये म्हणून.

पातेलं स्वच्छ झालं. वहिनींनी चमचा चाटला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“समद्यात ग्वाड बुडालाच आसतंय,” त्या म्हणाल्या. “तुमाला कवा सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर त्येबी उरलं नसतं.”